दोन-तृतीयांशाचे कुलूप : साम्यवादोत्तर हंगेरीतील वृत्तपत्रस्वातंत्र्य

वृत्तपत्रस्वातंत्र्य म्हटले की बंदी, जप्ती, तुरुंग आणि सेन्सॉरची लाल पेन्सिल या गोष्टी डोळ्यांपुढे येतात, आणि जेथे यांपैकी काहीच दिसत नाही तेथे ते स्वातंत्र्य सुरक्षित असणार असे गृहीत धरले जाते. हंगेरीचा १९८९ नंतरचा इतिहास या गृहीताची कसून परीक्षा घेतो. एकपक्षीय राजवट तेथे रक्तपाताविना संपली, अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे काटेकोर रक्षण करणारे घटना न्यायालय उभे राहिले, माहितीच्या अधिकाराचा कायदा १९९२ मध्येच झाला, आणि तरीही पुढच्या तीस वर्षांत त्या देशातील वृत्तमाध्यमांचा फार मोठा भाग सरकारच्या सावलीत गेला. हे सेन्सॉर परत आणून घडले नाही. नेमणुका, परवाने, जाहिराती आणि कंपन्यांची विलीनीकरणे या चार वाटांनी घडले, आणि यांतील बहुतेक पावले कायद्याच्या कलमांतूनच पडली. स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी १९९० साली बसवलेले कुलूपच पुढे त्याला कोंडण्यासाठी कसे वापरले गेले, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

हंगेरीच्या राष्ट्रीय स्मृतीत छापखान्याला जे स्थान आहे ते फार थोड्या देशांत असेल. १५ मार्च १८४८ रोजी पेश्त शहरातील तरुणांनी, कवी शांदोर पेतोफी यांच्यासह, लांडरर यांचा छापखाना ताब्यात घेऊन सेन्सॉरची परवानगी न घेता आपल्या बारा मागण्या छापल्या, आणि त्यांतील पहिलीच मागणी मुद्रणस्वातंत्र्याची व सेन्सॉरशिप रद्द करण्याची होती. तो दिवस आजही राष्ट्रीय सण म्हणून पाळला जातो. पुढे २३ ऑक्टोबर १९५६ रोजी बुडापेस्टच्या विद्यार्थ्यांना आपल्या मागण्या नभोवाणीवरून वाचल्या जाव्यात असे वाटत होते, आणि त्या उठावातील पहिल्या गोळ्यांपैकी काही नभोवाणी केंद्राच्या इमारतीपाशीच झाडल्या गेल्या. आपले म्हणणे कोणाच्या परवानगीने लोकांपर्यंत जाते, हा प्रश्न त्या देशाच्या दोन्ही मोठ्या क्रांत्यांच्या केंद्राशी होता.

१९५६ चा उठाव चिरडल्यानंतर सत्तेवर आलेल्या यानोश कादार यांच्या राजवटीने नियंत्रणाची एक वेगळीच पद्धत विकसित केली. सांस्कृतिक धोरणाचे सूत्रधार ड्यॉर्ज आत्सेल यांच्या काळात साहित्य, कला आणि लेखन यांची तीन गटांत विभागणी होई: पाठबळ मिळणारे, खपवून घेतले जाणारे आणि बंदी असलेले. हंगेरियन भाषेत हे तिन्ही शब्द 'त' या अक्षराने सुरू होतात, म्हणून ही पद्धत 'तीन त' या नावाने ओळखली गेली. प्रत्येक मजकूर छापण्यापूर्वी तपासणारे सरकारी कार्यालय वृत्तपत्रांच्या मागे बसवण्याची गरज त्यात उरली नव्हती, कारण संपादकाची नेमणूक पक्षाच्या संमतीने होई, काय चालेल आणि काय चालणार नाही हे त्याला ठाऊक असे, आणि चूक झाल्यास तो मजकूर गमावत नसे तर जागा गमावत असे. मिक्लोश हरास्ती यांनी या अवस्थेचे विश्लेषण करणारे पुस्तक लिहिले. लेखकाला धाक दाखवण्याऐवजी त्याला व्यवस्थेचा पगारी भागीदार करून घेणारी सेन्सॉरशिप अधिक टिकाऊ असते, असा त्याचा गाभा आहे, आणि बाहेरच्या जगात ते 'मखमली तुरुंग' या नावाने गेले. या विश्लेषणाचे मोल साम्यवादापुरते नाही, हे पुढील इतिहासावरून दिसेल. दरम्यान १९८१ पासून 'बेसेलो' हे नियतकालिक समिझदात पद्धतीने, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय स्वतःच छापून हातोहात वाटण्याच्या मार्गाने, निघू लागले होते.

राजवट कोसळताना वर्तमानपत्रे मोकळी करणे सर्वांत सोपे ठरले. १९८६ च्या वृत्तपत्र कायद्यानुसार नियतकालिकासाठी परवाना लागे. त्याऐवजी नोंदणी पुरेशी झाली आणि नव्या पत्रांची लाट आली. मालकीचा प्रश्न मात्र घाईत सुटला: आक्सेल श्प्रिंगर या जर्मन प्रकाशनसंस्थेने १९९० मध्ये पक्षाची अनेक जिल्हा दैनिके खरेदीची किंमत न मोजताच आपल्याकडे वळवून घेतली. नभोवाणी आणि दूरचित्रवाणीचे तसे नव्हते. प्रक्षेपणासाठी लागणाऱ्या रेडिओलहरींचे पट्टे मर्यादित असल्यामुळे ते कोणाला द्यायचे हे कोणीतरी ठरवावेच लागते, आणि जुने सरकार जाता जाता आपल्या माणसांना ते वाटून टाकील या भीतीने जुलै १९८९ मध्ये नव्या परवान्यांवर स्थगिती आली. काही महिन्यांसाठी मानलेली ही स्थगिती साडेसहा वर्षे टिकली.

तिच्या दीर्घायुष्याचे कारण राज्यघटनेत होते. १९९० च्या निवडणुकीनंतर सत्ताधारी आणि मुख्य विरोधी पक्ष यांच्यात झालेल्या समझोत्यानुसार सार्वजनिक प्रसारणावरील देखरेख, खाजगी केंद्रांचे परवाने आणि माध्यमांतील मक्तेदारीला आळा या विषयांवरील कायद्यांसाठी संसदेत दोन-तृतीयांश बहुमत आवश्यक करण्यात आले. कोणत्याही एका पक्षाने माध्यमे गिळू नयेत हा त्यामागचा हेतू होता, आणि तो प्रामाणिक होता. त्यातील गृहीतक असे की दोन-तृतीयांश जागा कधीही एका हातात येणार नाहीत, म्हणजे प्रत्येक माध्यम कायदा विरोधकांच्या संमतीनेच होईल. गृहीतक टिकले तोवर त्याचा परिणाम इतकाच झाला की कायदा होतच नव्हता.

या पोकळीत जे घडले त्याला हंगेरीत 'माध्यमयुद्ध' म्हणतात. १९९० मध्ये सर्वपक्षीय संमतीने समाजशास्त्रज्ञ एलेमेर हंकिश यांच्याकडे दूरचित्रवाणी आणि राज्यशास्त्रज्ञ चाबा गोम्बार यांच्याकडे नभोवाणी सोपवण्यात आली. पंतप्रधान योझेफ अंताल यांच्या सरकारला दोन्ही संस्था आपल्याविरुद्ध झुकलेल्या वाटू लागल्या आणि दोघांना दूर करण्याची मागणी झाली. राष्ट्राध्यक्ष आर्पाद गोन्त्स यांनी, जे स्वतः लेखक व अनुवादक होते आणि १९५६ नंतर तुरुंगात राहिले होते, बडतर्फीच्या आदेशावर सही करण्यास नकार दिला. वाद घटना न्यायालयात गेला. सार्वजनिक प्रसारण सरकारच्या देखरेखीखाली ठेवणारा १९७४ चा मंत्रिपरिषदेचा हुकूम घटनाबाह्य असल्याचे न्यायालयाने १९९२ मध्ये जाहीर केले, पण तो रद्द केल्यास काहीच नियम उरणार नाही म्हणून नवा कायदा होईपर्यंत तो चालू ठेवला. न्यायालय बरोबर होते आणि तरीही हुकूम जिवंत राहिला. जानेवारी १९९३ मध्ये हंकिश व गोम्बार यांनी पद सोडले, आणि निवडणुकीच्या तोंडावर, मार्च १९९४ मध्ये, नभोवाणीतील १२९ जणांना एकाच फटक्यात कामावरून काढण्यात आले.

तत्त्वाच्या पातळीवर मात्र याच वर्षांत हंगेरीने जे कमावले ते दुर्लक्षून चालणार नाही. लास्लो शोयोम यांच्या अध्यक्षतेखालील घटना न्यायालयाने १९९२ च्या एका निकालात अभिव्यक्तिस्वातंत्र्याला संवादाशी निगडित सर्व हक्कांचा 'मातृहक्क' म्हटले. म्हणजे वृत्तपत्रस्वातंत्र्य, माहिती मिळवण्याचा हक्क, कलेचे स्वातंत्र्य ही त्याचीच अपत्ये. मत चुकीचे, कटू किंवा क्षुद्र असले तरी केवळ त्या कारणासाठी राज्य त्याला शिक्षा करू शकत नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली आणि १९९४ मध्ये अधिकाऱ्यांच्या अवमानाचे फौजदारी कलम रद्द करून सत्ताधाऱ्यांनी सामान्य नागरिकापेक्षा अधिक टीका सोसली पाहिजे हे तत्त्व रुजवले. या निकालांनी लेखकाच्या वाक्याला उत्तम संरक्षण दिले. परंतु ते वाक्य ज्या केंद्रावरून उच्चारले जाते त्याचा परवाना कोणाच्या हाती असावा, आणि ज्या दैनिकात छापले जाते त्याचा खर्च कोण भागवते, या प्रश्नांना मातृहक्काची कल्पना जेमतेम स्पर्श करते.

अखेर १९९६ चा पहिला कायदा म्हणून नभोवाणी-दूरचित्रवाणी कायदा अंमलात आला. परवाने देण्यासाठी संसदेतील पक्षांनी सुचवलेल्या सदस्यांचे राष्ट्रीय मंडळ, आणि सार्वजनिक केंद्रांसाठी विश्वस्त मंडळे, ज्यांत निम्म्या जागा सरकार पक्षाच्या व निम्म्या विरोधकांच्या, अशी त्याची रचना होती. ऑक्टोबर १९९७ मध्ये दोन राष्ट्रीय खाजगी वाहिन्या सुरू झाल्या आणि स्थगितीच्या वर्षांतील कोंडी एकदाची फुटली. रचनेतील दोषही लवकरच उघड झाला. स्वातंत्र्याची हमी पक्षांच्या परस्पर अविश्वासावर उभारली होती. पक्षांबाहेरच्या कोणालाही, वाचकाला किंवा पत्रकाराला, तीत निर्णायक स्थान नव्हते. १९९९ च्या सुमारास विरोधी पक्षांचे आपसांत जागावाटप जमेना, तेव्हा विश्वस्त मंडळे केवळ सरकारी बाजूच्या सदस्यांनिशीच काम करू लागली. आणि २००९ मध्ये याच्या उलट घडले: दोन लोकप्रिय राष्ट्रीय नभोवाणी केंद्रांच्या लहरी त्यांच्याकडून काढून ज्या दोन नव्या कंपन्यांना देण्यात आल्या त्या दोन मोठ्या पक्षांच्या जवळच्या मानल्या जात होत्या, आणि हा निर्णय बेकायदेशीर असल्याचे सांगून मंडळाचे अध्यक्ष लास्लो मायतेनी यांनी राजीनामा दिला. पक्ष भांडले तर मंडळ पंगू आणि पक्ष जुळले तर लूट, अशी ही स्थिती होती. २०१० नंतरच्या घटनांचा सगळा दोष एका नेत्यावर टाकणाऱ्यांनी या वर्षाकडे पुन्हा पाहिले पाहिजे. घर आधीच पोखरलेले होते.

एप्रिल २०१० च्या निवडणुकीत व्हिक्टर ओर्बान यांच्या फिदेस पक्षाच्या आघाडीने सुमारे ५३ टक्के मते मिळवली, आणि मतदारसंघांना झुकते माप देणाऱ्या निवडणूक पद्धतीमुळे ३८६ पैकी २६३ जागा तिच्या हाती आल्या. दोन-तृतीयांशाचा उंबरठा एकट्याने ओलांडला गेला होता. त्याच वर्षी माध्यमविषयक कायद्यांची मालिका झाली आणि तिचा मुख्य भाग १ जानेवारी २०११ रोजी, म्हणजे हंगेरीकडे युरोपीय संघाच्या परिषदेचे फिरते अध्यक्षपद आले त्याच दिवशी, लागू झाला. 'नेपसाबदशाग' या सर्वांत मोठ्या राजकीय दैनिकाने, ज्याच्या नावाचा अर्थ 'जनतेचे स्वातंत्र्य' असा आहे, देशातील वृत्तपत्रस्वातंत्र्य संपल्याचे एकच वाक्य संघाच्या सर्व अधिकृत भाषांत पहिल्या पानावर छापले.

युरोपभर चर्चा झाली ती मुख्यतः दंडाच्या रकमांची, कारण प्रसारण केंद्राला २० कोटी फोरिंटपर्यंत आणि दैनिकाला अडीच कोटींपर्यंत दंड होऊ शकत होता, आणि वार्तांकन 'संतुलित' असण्याच्या सक्तीची. युरोपीय आयोगाच्या आक्षेपांनंतर मार्च २०११ मध्ये काही कलमे सौम्य झाली, डिसेंबरमध्ये घटना न्यायालयाने मुद्रित आणि इंटरनेटवरील पत्रकारितेला लागू होणाऱ्या काही तरतुदी रद्द केल्या, आणि वाद मिटल्यासारखा वाटला. खरे बळ ज्या तरतुदीत होते तिला फारसा धक्का लागला नाही. नव्या माध्यम परिषदेचे पाचही सदस्य संसद दोन-तृतीयांश बहुमताने निवडणार होती, त्यांची मुदत नऊ वर्षांची, म्हणजे संसदेच्या दोन कार्यकाळांहून मोठी होती, आणि मुदत संपल्यावर नव्या नावांवर तितकेच बहुमत जमले नाही तर जुनेच सदस्य पुढे राहणार होते. पाचही जागा सत्ताधारी पक्षाच्या उमेदवारांकडे गेल्या. विरोधकांची संमती मिळवायला भाग पाडणारी अट अशा रीतीने विरोधकांना दीर्घकाळ बाहेर ठेवणारी अट झाली, आणि त्यासाठी तिच्यातील एक अक्षरही बदलावे लागले नाही. युरोपीय संघाचे त्या वेळचे नियम परिषदेच्या रचनेपर्यंत पोहोचतच नव्हते. म्हणून आयोग जे मोजू शकत होता त्यावरच बोलला, ही या प्रकरणातील फार मोठी चूक म्हणावी लागेल.

परिषदेने दंडापेक्षा परवाने आणि विलीनीकरणे यांतून अधिक काम केले. 'क्लुबरादियो' हे बुडापेस्टचे सरकारवर टीका करणारे चर्चाप्रधान नभोवाणी केंद्र. त्याची लहर दुसऱ्याला देण्याचा निर्णय २०११ मध्ये झाला, न्यायालयांनी केंद्राच्या बाजूने निकाल दिले, २०१३ मध्ये त्याला वेगळी लहर मिळाली, आणि तिची मुदत संपताना परिषदेने नूतनीकरण नाकारले. कारण देण्यात आले ते हे की किती टक्के हंगेरियन संगीत वाजवले याचे मासिक तपशील केंद्राने वेळेवर सादर केले नव्हते. १४ फेब्रुवारी २०२१ नंतर ते फक्त इंटरनेटवर उरले. अशा निर्णयात मताचा उल्लेख कोठेच नसतो. कागद उशिरा आला एवढेच असते. म्हणून मातृहक्काचे तत्त्व येथे हात टेकते.

विलीनीकरणाबाबत दोन प्रसंग शेजारी ठेवले की पुरे. आक्सेल श्प्रिंगर आणि रिंगियर या दोन परकीय प्रकाशनसंस्थांना हंगेरीतील आपले व्यवसाय एकत्र करायचे होते तेव्हा परिषदेने २०११ मध्ये माध्यमांतील विविधतेच्या कारणास्तव नकार दिला; शेवटी त्यांना २०१४ मध्ये काही पत्रे विकावी लागली, ती ऑस्ट्रियन गुंतवणूकदाराच्या 'मेडियावर्क्स' कंपनीकडे गेली, आणि 'नेपसाबदशाग' त्यांतच होते. ८ ऑक्टोबर २०१६ रोजी, एका शनिवारी, मालकाने तोट्याचे कारण देऊन ते अचानक बंद केले, आणि महिना संपण्यापूर्वी मेडियावर्क्स पंतप्रधानांच्या निकटच्या उद्योगपतीशी जोडलेल्या कंपनीकडे गेली. दुसरा प्रसंग नोव्हेंबर २०१८ चा. सरकारशी सख्य असलेल्या अनेक मालकांनी आपली दैनिके, वाहिन्या, केंद्रे आणि संकेतस्थळे, एकूण चारशेहून अधिक, 'मध्य युरोपीय वृत्तपत्र व माध्यम प्रतिष्ठान' या एकाच संस्थेला मोबदल्याशिवाय देऊन टाकली. देशातील जिल्हा दैनिके, १९९० मध्ये ज्यांच्या मालकीचा प्रश्न घाईत सुटला होता तीच, आता एका छत्राखाली आली. स्पर्धा कायद्यातील एका कलमानुसार सरकार एखादे विलीनीकरण 'राष्ट्रीय व्यूहात्मक महत्त्वाचे' घोषित करू शकते आणि मग त्याची छाननी होत नाही; डिसेंबरच्या प्रारंभी तशी घोषणा झाली. ज्या विविधतेसाठी दोन कंपन्यांना अडवले गेले होते तिचा विचार चारशे माध्यमांच्या वेळी करण्याची मुभाच कोणाला राहिली नाही.

पैशाची वाट याहून शांत आहे. सरकार, सरकारी कंपन्या आणि महामंडळे यांच्या जाहिराती मित्र माध्यमांकडे वळवल्या की टीका करणारे पत्र बंद करावे लागत नाही. ते आपोआप रोडावते, आणि खाजगी जाहिरातदारही कोठे दिसणे शहाणपणाचे नाही हे ओळखतो. 'मग्यार नेमझेत' हे १९३८ पासूनचे दैनिक त्याच्या मालकाचे पंतप्रधानांशी २०१५ मध्ये बिनसल्यानंतर सरकारी जाहिरातींना मुकले आणि एप्रिल २०१८ च्या निवडणुकीनंतर काही दिवसांतच बंद पडले. पुढे ते नाव सरकारसमर्थक पत्राने घेतले. २०११ पासून सरकारी वृत्तसंस्थेच्या बातम्या सर्व माध्यमांना विनामूल्य देण्यात येऊ लागल्या, हेही वरवर औदार्य वाटावे असे होते. परंतु फुकट मिळणाऱ्या बातमीशी विकत बातमी देणारी संस्था स्पर्धा करू शकत नाही, आणि लहान केंद्रे, ज्यांच्याकडे बातमीदार ठेवायला पैसे नसतात, एकाच ठिकाणी लिहिलेली वार्तापत्रे वाचू लागतात.

व्यवसायाच्या अंगाने आवळलेला फास हाही मुखबंधच असतो, हे मराठी वाचकाला नवे नाही. १९५६ च्या कायद्याने आणि १९६० च्या आदेशाने दैनिकांची पाने त्यांच्या किमतीनुसार ठरवून देण्याचा भारत सरकारचा प्रयत्न पुण्याच्या 'सकाळ'ने सर्वोच्च न्यायालयात नेला आणि १९६१ मध्ये न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. पाने, किंमत आणि खप यांवरील बंधन हे विचारांच्या प्रसारावरील बंधन आहे, असा त्या निकालाचा आशय होता. हंगेरीच्या न्यायालयांपुढे हे इतके उघड रूपात कधी आले नाही, कारण तेथे पैसा रोखणारा आदेश नव्हता. होते ते केवळ न दिलेल्या जाहिरातींचे मौन, आणि मौनाविरुद्ध दावा लावणे कठीण असते.

स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने हंगेरियन पत्रकारांना अनेकदा न्याय दिला. केवळ दुवा दिल्याबद्दल वृत्तसंकेतस्थळाला दोषी धरता येणार नाही, असे २०१८ मध्ये एका हंगेरियन प्रकरणातच ठरले, आणि सरकारी माहिती मागण्याच्या हक्काला २००९ व २०१६ च्या निकालांनी बळ मिळाले. अशा निकालाने एक दंड परत मिळतो, एक कागद हाती येतो. गेलेली लहर किंवा बंद झालेले दैनिक परत येत नाही. युरोपीय संघाने ही उणीव ओळखून २०२४ मध्ये माध्यमस्वातंत्र्याचा नियम केला, ज्यात मालकीची पारदर्शकता, सरकारी जाहिरातींच्या वाटपाचे निकष आणि सार्वजनिक माध्यमांच्या प्रमुखांच्या नेमणुका हे विषय प्रथमच आले. त्यातील बहुतेक तरतुदी ऑगस्ट २०२५ पासून लागू झाल्या, आणि हंगेरीच्या सरकारने तो नियमच रद्द व्हावा म्हणून संघाच्या न्यायालयात दाद मागितली.

पत्रकारांनी वाट सोडलेली नाही. जुलै २०२० मध्ये 'इंडेक्स' या सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या वृत्तसंकेतस्थळाच्या मुख्य संपादकांना काढून टाकल्यावर सत्तरहून अधिक सहकाऱ्यांनी राजीनामे दिले आणि त्याच वर्षी वाचकांच्या वर्गणीवर 'टेलेक्स' उभे केले. जाहिरातदार नसताना वाचक थेट पैसे देतो, ही पक्ष, मालक आणि परिषद या तिघांनाही वगळणारी एकमेव वाट होती. २०२३ च्या अखेरीस झालेल्या कायद्याने 'सार्वभौमत्व संरक्षण कार्यालय' स्थापन केले आणि परकीय निधी घेणाऱ्या संस्था व माध्यमे त्याच्या चौकशीच्या कक्षेत आली. मे २०२५ मध्ये मांडलेल्या विधेयकाने असा निधी रोखण्याचा अधिकारही मागितला, पण विरोधानंतर त्यावरील मतदान पुढे ढकलले गेले.

ही घडी पुन्हा नीट कशी बसवायची, हा प्रश्न पोलंडच्या उदाहरणाने अवघड करून ठेवला आहे. तेथे डिसेंबर २०२३ मध्ये नवे सरकार आले तेव्हा सार्वजनिक दूरचित्रवाणी जुन्या सत्तेच्या प्रचाराचे साधन बनलेली होती, तिच्या नेमणुका करणारे मंडळ जुन्या पक्षाकडे होते आणि कायदा बदलल्यास राष्ट्राध्यक्षांच्या नकाराधिकाराची खात्री होती. म्हणून सांस्कृतिक मंत्र्यांनी माध्यम कायदा बाजूला ठेवून कंपनी कायद्याच्या आधारे संचालकांना काढले, वृत्तवाहिनीचे प्रक्षेपण थांबवले आणि काही दिवसांत संस्था अवसायनात, म्हणजे कंपनी गुंडाळण्याच्या प्रक्रियेत, टाकली. उद्दिष्टाशी सहमत असलेल्या अनेक कायदेपंडितांनाही हा मार्ग पटला नाही, आणि न्यायालयांतून त्यावर परस्परविरोधी मते आली. हंगेरीतील कुलूप पोलंडपेक्षा जड आहे. माध्यम परिषदेच्या नेमणुका २०१९ मध्ये पुन्हा झाल्या आणि त्या नऊ वर्षांसाठी होत्या. साधे बहुमत मिळवणाऱ्या कोणत्याही सरकारला त्यांना हात लावता येत नाही, आणि दोन-तृतीयांश मिळवणाऱ्याला पाचही जागा पुन्हा एकट्याने भरता येतात.